बिनमशीनचा पंडित

सुरतेतल्या नवागामच्या नळावर बायकांना नावाने फारसं कुणी ओळखत नसे, नवऱ्याच्या मशीनवरून ओळखत. उधन्याला साड्यांचे पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना होता आणि आळीतले निम्मे पुरुष तिथेच कामाला होते. त्यामुळे भिकनची बायको शोभाबाई ही कटिंगवाली आणि शालिग्रामची प्रमिलाबाई ही छपाईवाली. हंडा भरता भरता शोभाबाई असा तोरा मिरवायची, की ते लोखंडी धूड जणू तिला माहेरून आंदण मिळालं होतं.

पंचाईत होती ती सरलाबाईची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे पंडितला, स्वतःचं मशीनच नव्हतं. कारण काय, तर त्याला सगळीच मशीनं येत होती!

"तुमनं मशीन कोणतं शे वं?" शोभाबाई चारचौघींत मुद्दाम विचारायची.

"त्यास्ले समदं येस," सरलाबाई म्हणायची.

"समदं येस म्हंजे बदलीच ना!"

सरलाबाई हंडा उचलून चालू लागायची, कारण बोलणं झोंबणारं असलं तरी खरं होतं. कारखान्यात जागा मशीनची असे. ज्याचं मशीन तो कायम. पंडित कधी भिकनच्या जागी, कधी शालिग्रामच्या, जो रजेवर जाईल त्याच्या मशीनवर उभा राहायचा, म्हणून तो बदली. एका पावसाळ्यात साड्यांचा बाजार थंडावला, तेव्हा शेठने सगळ्यांत आधी त्यालाच घरी बसवलं. ते महिने सरलाबाईने कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांवर काढले आणि तेव्हापासून तिने मनाशी एकच गोष्ट धरली. नवऱ्याला मशीन मिळालं पाहिजे.

पंडितचं वेड वेगळंच होतं. अमळनेरकडच्या एका खेड्यातून तो सहासष्ट साली सुरतेला आला आणि कारखान्यात पुठ्ठ्याच्या कातरणी झाडायला लागला. पहिल्याच दिवशी त्याने पाहिलं, की या टोकाला सपाट पुठ्ठा शिरतो आणि त्या टोकाने मोर छापलेला, चार कोपऱ्यांचा, झाकणाचा खोका बाहेर पडतो. तो झाडू हातात धरून बघतच राहिला. मुकादमाने शिवी घातली तेव्हा कुठे भानावर आला. पुढे जेवणाच्या सुट्टीत भाकरी हातावर घेऊन तो एकेका मशीनपाशी जाऊन उभा राहायचा, असं करत करत सगळी मशीनं शिकला. लग्न होऊन सरलाबाई नवागामला आली, तेव्हा तिलाही तो रोज मशीनांच्याच गोष्टी सांगायचा. दुसरी एखादी असती तर माहेरी निघून गेली असती.

मग त्र्याहत्तर साली पुठ्ठ्याला खाचा पाडणाऱ्या पंचिंग मशीनवरचा माणूस कारखाना सोडून भिवंडीला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. सरलाबाईला वाटलं, देवच पावला.

"शेटले सांगा ना, पंचिंग माले द्या," ती रोज सकाळी डबा देताना म्हणायची.

"देखू," पंडित म्हणायचा आणि सायकल काढायचा.

एक दिवस ती भांडायलाच उठली. म्हणाली, लोक हसतात. म्हणतात, पंडित मशीनला हात लावायच्या आधी डोळे मिटून उभा राहतो, त्याला भीती वाटते.

पंडित पहिल्यांदाच गंभीर झाला. "दगानी बोटं याद शेत ना तुले?" त्याने विचारलं.

दगाला कोण विसरेल? शालिग्रामच्या आधी तो छपाईवर होता. छपाईचं ट्रेडल मशीन जबड्यासारखं उघडतं आणि मिटतं. उजव्या हाताने कोरा पुठ्ठा आत ठेवायचा, डाव्या हाताने छापलेला बाहेर काढायचा. पंचिंगचाही तसाच जबडा, पण तिथे सगळं काम एकट्या उजव्या हाताचं. डावा हात आत न्यायचाच नाही. एका दिवसापुरतं दगाला पंचिंगवर उभं केलं. त्याला काम येत होतं, सगळं ठाऊक होतं. पण डावा हात सवयीने आत गेला. दगाची दोन बोटं तिथेच राहिली.

"शिकनं सोपं शे वं," पंडित म्हणाला. "हातले पहिलं मशीन भुलाडनं पडस. तेच कठीन."

सरलाबाईला ही पळवाट वाटली. हाताला विसरायला लावायचं म्हणजे काय? हात काय शाळेतलं पोर आहे? ती तोंड फिरवून भांडी घासायला बसली.

दसऱ्याला कारखान्यात मशीनांची पूजा असे आणि कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं असे. पूजा झाली, की एक खोका मुहूर्ताचा करायचा आणि तो देवीपुढे ठेवायचा. पुठ्ठा या मशीनवरून त्या मशीनवर जाई आणि ज्याचं मशीन त्यानेच ते चालवायचं, नारळही त्यानेच फोडायचा. त्या वर्षी मात्र बाजरी कापणीला आली म्हणून भिकन, शालिग्राम आणि आणखी कितीतरी जण बायकापोरांसकट गावी गेलेले. लोखंडाला झेंडूच्या माळा घातल्या, कुंकवाचे साथिये, म्हणजे स्वस्तिकं, काढले, फाफडा-जिलबीच्या पुड्या आल्या, पण मशीनांपुढे माणसंच नव्हती. ठाकोरशेठने इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली, "पंडित, आजे बधां तारां." आज सगळी तुझीच.

सरलाबाई डोक्यावरचा पदर सावरत भिंतीला लागून उभी होती. इतकी वर्षं ती मशीनांबद्दल ऐकत होती. नवऱ्याचं मशीन नाही म्हणून पूजेला कधी आलीच नव्हती; पाहत होती पहिल्यांदा. पट्टा फिरू लागला, जमीन थरथरली आणि ती भिंतीला आणखी चिकटली. या असल्या आवाजात माणूस दिवसभर उभा राहतो?

पंडित कटिंगवर गेला. घरी कधी सरळ न बसणारा हा माणूस तिथे काठीसारखा ताठ झाला. पुठ्ठा सारला, दोन्ही हात छातीशी ओढून घेतले आणि पायाने दाब दिला. मांडीएवढं पातं खाली आलं आणि पुठ्ठा असा तुटला, की आवाज नंतर ऐकू आल्यासारखा वाटला. तोच पुठ्ठा घेऊन तो छपाईवर आला आणि त्याचं अंगच सैल झालं. तो डोलायला लागला. आधी दोन-चार रद्दी पुठ्ठे घालून त्याने शाईचा अंदाज घेतला. एक हात ठेवतोय, दुसरा काढतोय, भाकरी थापून एकीकडे टाकावी आणि दुसरीकडे उलटावी तसं. शेवटी खरा पुठ्ठा घातला. लाल मोर उमटून बाहेर आला. सरलाबाईच्या शेजारची बाई काहीतरी बोलली, ते तिला ऐकूच आलं नाही.

मग तो पंचिंगपाशी गेला आणि थांबला.

दोन्ही हात मोकळे सोडून, डोळे मिटून, तो नुसता उभा राहिला. शेठ थांबले, सगळे थांबले. जबडा रिकामाच उघडत होता, मिटत होता. आणि सरलाबाईला दिसलं, की त्याचा डावा हात अजून हलतोय. अगदी बारीक, छपाईच्याच तालावर, आत जायला निघाल्यासारखा. तिला दगाची बोटं आठवली. हळूहळू तो हात मंदावला, थांबला. दमलेलं मूल झोपी जावं तसा शांत झाला. तेव्हा पंडितने डोळे उघडले, डावा हात पाठीमागे नेऊन कमरेच्या करगोट्यात अंगठा अडकवला आणि एकट्या उजव्या हाताने पुठ्ठा त्या लोखंडी तोंडात ठेवला.

तिला हात जोडावेसे वाटले. समोरच्या झेंडू घातलेल्या मशीनला नव्हे, त्याला. हा माणूस रोज सायकलवरून येऊन तिच्या हातचं पिठलं खातो, तोच हा? आपण एकाच माणसाशी संसार केला आणि याच्या आत इतके जण राहतात, हे आपल्याला ठाऊकही नव्हतं! डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही.

शेवटी तारेच्या शिलाईवर कोपरे टाचून पंडितने खोका उभा केला आणि देवीपुढे ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठाकोरशेठ खूश झाले. सगळ्यांदेखत म्हणाले, "पंडित, पंचिंगनी जग्या खाली छे. लई ले. कायम थई जा." पंचिंगची जागा रिकामी आहे, घे आणि कायम हो.

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तिने जीव टाकला, तो शब्द आला होता. पंडितने आधी मशीनांकडे पाहिलं, एकेकाकडे, निरोप घेतल्यासारखं. मग तिच्याकडे पाहिलं आणि कसनुसं हसून शेठला "हो" म्हणायला तोंड उघडलं. ते तो तिच्यासाठी म्हणत होता, हे तिला लख्ख दिसलं.

"नको," सरलाबाई म्हणाली.

शेठपुढे आजवर कुणाची बायको बोलली नव्हती. तिने पदर आणखी पुढे ओढला, मान खाली घातली, पण आवाज खाली गेला नाही.

"शेट, त्यास्ले एक मशीन नका देऊ. पन कायम करा."

"बेन," शेठ समजावणीच्या सुरात म्हणाले, "कारखान्यात जागा मशीननी असते. मशीन विना कायम कसा करू?"

"मंग आज हाई खोकं कोन्ही बनाडं?" तिने विचारलं. शेठनी देवीपुढच्या खोक्याकडे पाहिलं. "मशीनच कायम व्हस का, शेट? मानूस कायम व्हत नही का?"

हा प्रश्न त्या छपराखाली आजवर कुणाला पडलाच नव्हता, शेठलाही नाही. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग देवीपुढचं कुंकवाचं ताट उचललं, पंडितचे दोन्ही हात हातात घेतले आणि मशीनांवर काढला होता तसा साथिया त्याच्या तळहातांवर काढला. "दिवाळीथी कायम," ते म्हणाले. "माणूस."

पंडित कुंकवाचे हात तसेच पुढे धरून उभा होता. पण तो हातांकडे बघत नव्हता, शेठकडेही नाही. पदराआड तोंड लपवून रडणाऱ्या आपल्या बायकोकडे तो असा बघत होता, की जणू हिला आपण आजच पहिल्यांदा पाहतोय.