मापाऱ्याच्या तीन चापट्या

हळर्णच्या जयराम मापाऱ्याचा उजवा हात माप भरायचा आणि डावा हात पुण्य कमवायचा. म्हणजे असं, की उजव्या हाताने भात पायलीत ओतून झालं की डावा आपोआप पुढे यायचा आणि पायलीच्या अंगावर तीन चापट्या मारायचा. भात खाली बसायचं, वर बोटभर जागा व्हायची, तीत आणखी दोन मुठी मावायच्या, आणि त्यावर शीग. देवळाचं भात मापून वाटायचं काम मापाऱ्यांच्या घराकडे तीन पिढ्या होतं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. आणि कोणाला पोकळ माप द्यायचं नाही. जयरामच्या वडिलांनी त्याला एवढ्या दोनच गोष्टी शिकवल्या. बाकीच्या आयुष्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बाकी काही असतं, असं त्यांना वाटतच नव्हतं.

पुढे देवळातही काटा आला, पायली कोनाड्यात गेली आणि मापारी नुसता आडनावापुरता उरला. गोवा राज्य झालं त्या वर्षी जयराम अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. डिचोलीत गोकुळदासबाबांनी पिठाची मोठी गिरण काढली होती. परराज्यातून लॉरीने गहू यायचा आणि मैदा होऊन आसपासच्या पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, भट्टीत जायचा. जयराम नोकरी मागायला गेला तेव्हा गोकुळदासबाबांनी नाव विचारलं.

“मापारी? मग झालं तर. माप तुम्हीच घ्या.”

इतक्या झटपट मुलाखतीत लागलेला माणूस त्या गिरणीत दुसरा नाही.

काम सोपं होतं. लॉरी आली की पोत्यांत टोकदार नळी खुपसून थोडाथोडा गहू काढायचा. त्यातला मूठभर ताटात पसरून खडे, किडके दाणे, सुरकुतलेले दाणे वेगळे करायचे. मग एक लिटरचं पितळी भांडं घ्यायचं, वर नरसाळं लावायचं, झडप उघडून गहू भांड्यात पाडायचा, वरचा गहू पट्टीने सपाट करायचा आणि वजन करायचं. जे ग्रॅम येतील त्यांना दहाने भागलं की शंभर लिटर गव्हाचं वजन किलोत मिळतं. टपोरा दाणा भांड्यात गच्च बसतो, वजन जास्त. पोचट दाण्यात जीव नसतो, वजन कमी. त्यातून मैदा थोडा आणि कोंडाच फार. शहात्तरच्या खालचा गहू परत पाठवायचा, असा गिरणीचा नियम. कोल्हापूरहून आलेल्या वर्षामॅडमनी, म्हणजे गिरणीच्या केमिस्टबाईंनी, हे सगळं पहिल्या दिवशी दहा मिनिटांत सांगितलं आणि त्या मैद्याच्या तपासणीला निघून गेल्या. जयरामने मान डोलावली. तीन पिढ्यांच्या मापाऱ्याला माप काय शिकवायचं!

सहा महिने प्रत्येक लॉरी एकोणऐंशीच्या वरच उतरली. गोकुळदासबाब खूश, गहू पाठवणारा व्यापारी त्याहून खूश. फक्त गिरण नाखूश होती. तिच्या एका तोंडातून मैदा कमी पडायचा आणि दुसऱ्या तोंडातून कोंडा नुसता वाहायचा. शेवटी वर्षामॅडमनी बाजूला ठेवलेल्या एका नमुन्याचं स्वतः माप घेतलं. चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. जयरामच्या अक्षरात त्याच लॉरीपुढे लिहिलं होतं, एकोणऐंशी पूर्णांक दोन.

गोकुळदासबाबांनी जयरामला आत बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, “जयराम, त्या व्यापाऱ्यान तुका कितें दिलें रे?”

जयरामला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली. मापाऱ्यांच्या घराला गावाने कंजूष म्हटलं असतं, वेडं म्हटलं असतं. पण खोट्या मापाचं म्हणून कोणी बोट दाखवलं नव्हतं.

“देवीची शपथ, बाब. चहासुद्धा नाही.”

“उद्या लॉरी येतली. म्हज्या दोळ्यांमुखार माप घे. तीनदा. आकडे जमले नाहीत तर तू हळर्णाक.”

बाहेर वर्षामॅडम उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, चला. तोच नमुना आहे. मला दाखवा कसं मोजता.”

जयरामने झडप उघडली. गहू भांड्यात पडला. आणि डावा हात पुढे आला. चापटी, चापटी, चापटी. वर आणखी गहू, मग पट्टी.

वर्षामॅडम आधी बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. “अहो काका, हे काय?”

“कितें काय? माप.”

“थोपटायचं नसतं हो! भांड्याला धक्कासुद्धा लावायचा नाही. थोपटलं की दाण्यांमधली हवा निघून जाते, हलका गहूसुद्धा भारी ठरतो.”

“बाये, पोकळ माप घालू म्हणता? पाप लागतं.”

“बरं, आता न थोपटता करा.”

जयरामने केलं. म्हणजे त्याने थोपटलं नाही, पण हाताने थोपटलं. दुसऱ्या खेपेला त्याने डावा हात खिशात कोंबला, तर तो खिशातच मांडीवर चापट्या मारायला लागला. तिसऱ्या खेपेला वर्षामॅडमनीच तो हात धरला. सासरच्या माणसाचा हात धरल्यासारख्या त्या अवघडल्या, जयराम त्याहून.

“काका, हे माप आपण कोणाला देत नाही. देणं-घेणं नाहीच यात. आपण फक्त गव्हाला विचारतोय, बाबा रे, तू कसा आहेस?”

जयरामने भांड्यातले चार दाणे तळहातावर घेतले. गव्हाला विचारायचं. तो म्हणाला, “म्हणजे कौल!”

“कसला कौल?”

“आमच्या देवळात देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात, बाये. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जी आधी पडेल तो देवीचा शब्द. अर्धा दिवस पडत नाहीत. भट ताटकळतो, यजमान ताटकळतो. पण पाकळीला बोट लावायची कोणाची छाती आहे? बोट लावलं तर तो शब्द देवीचा नाही, तुमचा.” तो भांड्याकडे बघत राहिला. “आणि मी सहा महिने पाकळ्या पाडत होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी आली. ड्रायव्हर विठू बेळगावकडचा, बडबड्या. चापट्यांची गोष्ट वर्षामॅडमकडून ऐकलेले गोकुळदासबाब खुर्ची टाकून बसले. जयरामने भांडं मांडलं, झडप उघडली आणि दोन्ही हात जोडून मागे सरकला. गहू पडत होता आणि तो देवीपुढे उभं राहावं तसा उभा होता.

“काका, नमस्कार कुणाला घालताय?” विठू हसला. “जरा थोपटा की भांडं! इतक्या लांबनं आलोय, परत पाठवताय होय?”

“विठू, थोपटायचंच असेल तर तुझी पाठ थोपटतो. लॉरी चांगली आणलीस. गहू तसा नाही.”

पहिल्यांदा चौऱ्याहत्तर पूर्णांक आठ. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा चौऱ्याहत्तर पूर्णांक सात.

गोकुळदासबाबांनी चष्मा वर केला. “हो एक कमी कसो आयलो?”

“बाब,” जयराम म्हणाला, “गव्हानं सांगितलं तसं लिहिलं. मी सांगितलं असतं तर तिन्ही सारखे आले असते.”

गोकुळदासबाबांनी तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी वर्षामॅडमकडे बघितलं, आणि दहा मिनिटांत माप शिकवून गेलेल्या वर्षामॅडमनी खिडकीकडे. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढून जयरामपुढे धरलं.

“लॉरी परत. सही तूंच कर.”

जयरामने सावकाश, पूर्ण आडनावासकट सही केली. मग तो विठूला घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेला. परत जायला लांबचा पल्ला होता आणि बिचाऱ्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.