बर्फाखालचं तेल

माझा नवरा रत्नागिरीकडच्या खाडीतला, होडीवाल्यांच्या घरातला. नोकरी दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामात. समुद्रात कुठे तेल सांडलं की पंप घेऊन धावायचं आणि ते उपसायचं. गेल्या हिवाळ्यात मात्र कंपनीने त्याला बर्फाच्या देशात पाठवलं. तिथे गोठलेल्या नदीखाली तेलाची पाइपलाइन फुटली होती. घरी एसी जरा वाढवला तरी ज्याला पडसं होतं, तो म्हणे बर्फावर उभा राहणार! मी खूप भांडले. काम झालं की खलास, इन्शाल्ला लगेच परत, असं म्हणून तो गेला.

तिथलं काम त्यानेच फोनवर समजावलं. तेल बर्फाखालून प्रवाहाबरोबर सरकत जातं. म्हणून पुढे जाऊन करवतीने बर्फात तिरका चर कापायचा. चरात तेल वर येऊन साचतं, ते पंपाने ओढायचं. ऐकूनच मला हुडहुडी भरायची.

एक दिवस पंपाचा दोर सुटला आणि पंप चरात घसरायला लागला. काहीही झालं तरी हातमोजे काढायचे नाहीत, असं सगळ्यांना बजावलेलं होतं. पण आमच्या खाडीतली माणसं बोटांना कळल्याशिवाय गाठ पक्की मानत नाहीत. त्याने हातमोजे काढले आणि भिजलेला दोर उघड्या हातांनी आवळला. पंप वाचला. गोठलेली बोटं वाचतील की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

व्हिडिओ कॉलवर तो नुसता चेहरा दाखवायचा. हात दाखव म्हटलं की नेटवर्क जायचं. मेलं नेटवर्कही त्याच्याच बाजूचं! इकडे अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दुआ करत बसायचे आणि मनातल्या मनात त्या पंपाला शिव्या घालायचे. पंप बुडाला असता तर दुसरा आला असता. तो राग अजून जात नाही.

तो परतला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. मी त्याच्या आवडीच्या तारल्यांचं कालवण केलं होतं. या अल्ला, एवढे काटे तो काढणार कसे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो ताटाकडे बघत राहिला. मग भूक नाही म्हणाला.

मासळीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या आमच्या लेकीने त्याचं ताट स्वतःकडे ओढलं आणि काटे काढायला लागली.

"राहू दे गं, हाताला वास येईल," तो म्हणाला.

"इट्स ओके, अब्बा."

तिने घास पुढे केला. त्याने डाव्या हाताने डोळे झाकले आणि तोंड उघडलं.