दोन पेन्सिली

भूपेश घोडबंदरचा. घरची भातशेती आजोबांच्या काळातच गेली. तो एका कंपनीची स्टाफ बस चालवतो. हायवेवर लांबून येणारा ट्रक, त्याच्यामागून डोकावणारी बाइक, सगळं त्याला इतरांच्या आधी दिसतं. पण हातात कसला कागद आला की तो बायकोकडे, हेमांगीकडे सरकवतो. "तूच वाच ना. माझं डोकं चढतं."

लहानपणी त्याला वर्गात 'ढ' म्हणायचे. फळ्यावरचं तो धडाधड वाचायचा, पण पुस्तक उघडलं की अक्षरं एकमेकांवर चढायची. वाचता वाचता तो भलत्याच ओळीत घुसायचा, मुलं हसायची. मास्तर म्हणायचे, "फळा दिसतो आणि पुस्तक दिसत नाही? नाटकं करतोस!" नववीत त्याने शाळा सोडली, तेव्हा वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखंच वाटलं.

त्याची मुलगी चांदणी चौथीत आहे. गोष्ट एकदा ऐकली की ती हातवारे करून सांगते. वाचायला बसवलं की मात्र डोळे चोळते, पाणी प्यायला उठते, डोकं टेबलावर टेकवते आणि शेवटी एका डोळ्यावर तळहात ठेवून कशीबशी एक ओळ वाचते. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला. नंबर नव्हताच.

"बापावर गेलीय," भूपेशची आई सावित्री म्हणाली. "आपल्या घरान् कोनाला वाचाचा नाद न्हाय."

एका संध्याकाळी अभ्यास घेताना हेमांगीचा संयम सुटला. "बघून बघून चुकतेस! लक्ष कुठे असतं तुझं?" तिने हात उगारला. भूपेश नुकताच ड्यूटीवरून आला होता. तो मध्ये गेला आणि त्याने चांदणीला उचलून घेतलं. तिचा तळहात अजून डोळ्यावरच होता. तोही शाळेत असाच बसायचा. आपला आळस पोरीत उतरला, असं त्याला वाटलं आणि त्या रात्री तो धड जेवला नाही.

चांदणीच्या वर्गशिक्षिका उर्मिला टीचर यांनीही तो तळहात पाहिला होता. त्यांनी हेमांगीला बोलावून सांगितलं, "ती आळशी वाटत नाही मला. डोळ्यांच्या डॉक्टरना नीट दाखवा, फक्त नंबर नका बघू." डॉक्टरांनी डोळे तपासले आणि तिघांना बेव्हर्ली पार्क भागात संचिता मॅडमकडे पाठवलं. संचिता मॅडम मुलांकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेतात.

मॅडमनी एक पेन्सिल चांदणीच्या नाकासमोर लांब धरली आणि हळूहळू जवळ आणायला लागल्या.

"एकाच्या दोन झाल्या की सांग हं."

"झाल्या," चांदणी लगेच म्हणाली. पेन्सिल अजून बरीच लांब होती.

भूपेश कोपऱ्यातल्या स्टुलावरून हसून म्हणाला, "मॅडम, त्या तर होणारच ना. जवळ आली की वस्तू दोन दिसतेच."

मॅडमचा हात थांबला. "कोणाला?"

"कोणाला म्हणजे? सगळ्यांना."

"मला नाही दिसत," हेमांगी म्हणाली.

भूपेशने तिच्याकडे पाहिलं. ती मस्करी करत नव्हती.

मॅडमनी स्टूल पुढे ओढायला सांगितलं आणि तीच पेन्सिल त्याच्यासमोर धरली. त्याचंही चांदणीसारखंच झालं.

"तुमची दोघांची नजर चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण वाचायला नुसती नजर पुरत नाही. दोन्ही डोळे एकाच अक्षरावर यावे लागतात, ओळीवरून न घसरता पुढे सरकावे लागतात, फळ्यावरून वहीवर पटकन यावे लागतात. बहुतेक मुलांना हे आपोआप जमतं. काहींना शिकवावं लागतं. तुम्हाला कोणी शिकवलं नाही, एवढंच."

खाली आल्यावर भूपेशने बाइकला चावी लावली, पण ती सुरू केली नाही. हेमांगी समोरच्या दुकानात गेली होती. चांदणी पुढे टाकीवर बसली होती.

"पप्पा, तुला पण दोन दिसतात?"

"हो गं."

"मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटायचं, सगळ्यांना तसंच दिसतं. बाकीचे हुशार, म्हणून त्यांना तरी वाचता येतं."

"मला पण तसंच वाटायचं," ती म्हणाली.

भूपेशने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. हेमांगी परत येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

मग घरात व्यायाम सुरू झाला. दाराच्या कडीला दोरी बांधायची, तिच्यात रंगीत मणी, दुसरं टोक नाकाशी धरायचं आणि एकेका मण्यावर नजर न्यायची. सावित्री बघतच राहिली. "ही काय बापलेकीन् वेसन घातली?" पण पुढे तीही त्यात आली. सुपात वाल ओतून पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "किडकं वाल वेचा दोघांनी. बघू कोनाला आधी गावतंय." अंगणात चेंडूची झेलाझेली व्हायची. चांदणीचे झेल सुटायचे, मग हळूहळू सुटेनासे झाले.

भूपेशला मात्र जमेना. कपाळ ठणकायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. एक दिवस त्याने दोरी सोडून ठेवली. "माझं वय गेलं आता. तू कर."

चांदणीने दोरी पुन्हा बांधली. "मॅडम बोलल्या होत्या, मोठ्यांना जास्त वेळ लागतो. तू बस ना पप्पा, मी एकटी कंटाळते." तो बसला.

दिवाळीनंतर एकदा चांदणीने वर्गात अख्खा परिच्छेद वाचला, दोन्ही हात टेबलावर ठेवून. उर्मिला टीचरनी मुद्दाम फोन करून कळवलं. हेमांगी फोनवर नुसतं "हो, हो" म्हणत राहिली आणि नंतर चांदणीला जवळ घेऊन खूप वेळ तिचे केस विंचरत बसली.

रविवारी दुपारी बापलेक शाळेच्या लायब्ररीतलं गोष्टीचं पुस्तक घेऊन ओट्यावर बसले. एक पान तिचं, एक पान त्याचं. चांदणीचं पान भर्रकन झालं. भूपेशने घसा खाकरला आणि एकेक शब्द जपून वाचायला लागला. पहिली ओळ संपली. त्याची नजर मागे आली आणि बरोबर दुसऱ्या ओळीवर उतरली.

आत हेमांगी चटणी वाटत होती. सावित्री उंबऱ्यातून वळली.

"मिक्सर बंद कर गो," ती हळूच म्हणाली. "माजा पोर वाचतंय."