शेंग दाबून बघणारी आक्का

आक्का कुठल्याही शेंगेवर विश्वास ठेवायची नाही. रान आपलं असो की परक्याचं, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाताना तिचा हात आपोआप तुरीकडे जायचा आणि अंगठ्याने शेंग दाबली जायची. गुलबर्ग्याकडच्या आळंदच्या बाजारात भाजीवाल्या तिला लांबून ओळखत. वाटाण्याच्या ढिगाशी ती बसली, की दोनचार शेंगा फुटल्याच. मग कन्नडातून भांडण आणि गावी मुडबीला परतल्यावर त्याच भांडणाची मराठीतून गोष्ट. माझ्या लग्नात नवऱ्यामुलाला तिने अंगठ्याने दाबून पाहिलं नाही, एवढेच माझ्या सासरच्यांवर उपकार.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील आक्का म्हणत, म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. आमच्या आज्याचा जन्म लोकांच्या रानात राबण्यात गेला. मुडबीच्या शिवारातलं चार एकर काळं रान आक्का आणि तिच्या नवऱ्याने मिळवलं, ते आमच्या घरातलं पहिलं. त्या दिवशी विहारात सगळ्यांदेखत ती म्हणाली होती, की आता आपला विळा परक्याच्या रानात जाणार नाही. नवरा गेल्यावरही तिने तो शब्द एकटीने पाळला.

हवेचं तिचं शास्त्र नाकाडोळ्यांचं होतं. तूर फुलात आली, की ती पहाटे उठून आभाळ बघायची. धुई, म्हणजे दाट धुकं, उतरलेली दिसली, की फूल गळू नये म्हणून रानाच्या वाऱ्याकडच्या बाजूला काडीकचरा पेटवून धूर करायची. लहानपणी मीही डोळे चोळत तिच्यामागे जायची. माझं कृषी कॉलेजातलं शिक्षण चालू होतं तेव्हा ती म्हणायची, "पोरी, हिरवं तर बाभूळ बी असतंय. माणूस काय पानं खातंय? दाणा बघ." मी हसायची. पुस्तकात हेच चार पानं खर्चून लिहिलेलं होतं.

मी कृषी खात्यात लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी हवेने दगा दिला. आधी भादव्यात रानात पाणी साचून राहिलं. मग ऐन फुलात आठ दिवस आभाळ दाटलेलं, वर भुरभुर पाऊस, आणि तो थांबला तशी धुई. फूल सगळं गळालं. पण तूर मोठी फसवी. फूल गेलं की तिचा सगळा जोर पाल्यात जातो. त्या वर्षी ती माणसाच्या डोक्यावर गेली, काळीभोर हिरवी. ज्या थोड्या शेंगा धरल्या त्या पोचट.

नुकसानीच्या पाहणीला आमची जीप निघाली. एका दिवसात पाच गावं उरकायची होती. पुढे साहेब, मागे मी, मांडीवर फॉर्म. फॉर्मात उभं पीक कसं आहे एवढाच रकाना होता, शेंगेचा रकानाच नाही. मुडबीच्या शिवारात साहेबांनी काच खाली केली, हिरवं रान पाहिलं आणि म्हणाले, चांगलं लिहा. धुऱ्यावर आक्का उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, आणि जीप थांबणार याची खात्री असलेला तो चेहरा. मी हात हलवला. मग मान खाली घालून 'चांगलं' लिहिलं.

नुकसानभरपाईच्या यादीत गावाचं नाव आलं नाही. आक्का तुरीच्या धाटांची पेंढी डोक्यावर घेऊन आमच्या कचेरीत आली आणि ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. ओरडली नाही. साहेबांना म्हणाली, "ह्यातली एक शेंग भरलेली दाव. दावलीस की मी गप घरी जाते." साहेब कन्नडातून शांतपणे समजावू लागले, की कागद वर गेलेत, आता बदलणार नाहीत, आणि उपग्रहाच्या फोटोतही तुमचं गाव हिरवंच आहे. आक्काला कन्नड चांगलं येत होतं, तरी ती माझ्याकडे वळून मराठीत बोलली. "ह्येला विचार, आभाळातून शेंग फोडता येतीय व्हय?"

आजही तो प्रसंग आठवला की माझं डोकं फिरतं. वर्षभर जिने रान सांभाळलं तिच्या अंगठ्याला काही किंमत नाही, आणि ढगांच्या वरून काढलेल्या हिरव्या डागाला आहे! दाण्यासाठी पेरलेल्या पिकाचा रंग बघून निकाल देणारी ही कसली पाहणी? शिपायाने पेंढी उचलून मागे टाकली. संध्याकाळी तिथे शेळ्या पाला खात होत्या.

त्याच सुगीत आक्का विळा घेऊन दुसऱ्याच्या ज्वारीत गेली. बांधावरून जाताना तिने सवयीने शेजारची तूर दाबली नाही, असं वडिलांनी सांगितलं. ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. त्याने कुणाचं पोट भरणार होतं?

ती मला एका शब्दाने टोचून बोलली नाही. कचेरीतून निघताना मात्र लिंबाखाली थांबून तिने विचारलं होतं, "तू उतरली न्हाईस कामून?" मी साहेबांचं, वेळेचं, फॉर्माचं काहीबाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एसटी गाठायला निघून गेली.

आक्का जाऊन आता तीन वर्षं झाली. यंदा पुन्हा फुलात धुई आली. मी प्रत्येक शिवारात जीप थांबवते, उतरते, शेंगा फोडते आणि फॉर्मच्या कडेला 'पोचट' असं लिहिते. असा रकाना नाही, या शेऱ्यासह फॉर्म परत येतो. मी पुन्हा तेच लिहून पाठवते. साहेब बदलले, समजावण्याची तऱ्हा तीच आहे.

पण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला दिलंच नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता, आक्का. रानात चिखल होता. आणि माझ्या पायात गुलबर्ग्याहून आणलेल्या नव्या चपला होत्या.