ब्रिगेडियरच्या तलवारीला कुंकू

आधी ताई. बाकी सगळं नंतर. ताई मूळच्या पुण्याच्या, ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला वॉलॉंगॉंगमध्ये घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करणाऱ्या नर्स. "माझं नाव कुठे लिहू नकोस हं," असं त्यांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण त्या नसत्या तर बायकोचं युनिव्हर्सिटीतलं शेवटचं सेमिस्टर बुडालं असतं आणि आम्ही दोघं बॅगा भरून बसलो असतो, तेही विमानं बंद असताना.

मी नववीतून शाळा सोडलेला, सुताराचा मुलगा. बायको शिकायला आली, तिच्या व्हिसावर मी आलो. कोविडमध्ये तिचं कॅफेतलं काम गेलं. सरकारी मदत आमच्यासारख्यांना नव्हती. उरलं माझं एकच काम. एजन्सीतर्फे एका म्हाताऱ्याच्या घरी जायचं, त्याला उठवायचं, अंघोळ घालायची, जेवू घालायचं.

हा म्हातारा ब्रिटिश आर्मीतून ब्रिगेडियर म्हणून रिटायर झालेला. मुलीच्या मागोमाग ऑस्ट्रेलियात आला, आणि आता मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला पर्थला, कोविडमुळे त्या राज्याची बॉर्डर बंद. मला त्याने नावाने कधी हाक मारली नाही. "ऑर्डर्ली!" म्हणायचा. टॉवेलची घडी वाकडी झाली की मोडून पुन्हा घालायला लावायचा. मास्क नाकावरून जरा घसरला की परेडवर उभं केल्यासारखा झापायचा. मला तो माणूस मनापासून आवडत नव्हता, आजही आवडत नाही.

त्याची सगळी कारकीर्द मला अंघोळीच्या क्रमाने पाठ झाली होती. डोक्यावर पाणी घेताना कॅडेट कॉलेज. पाठ चोळताना मलायाचं जंगल. डाव्या पायाशी आलो की बोर्निओ, कारण तिथे नडगीत लोखंड घुसलेलं आणि ती जखम म्हातारपणी पुन्हा उघडली होती. तेव्हा त्याच्या हाताखाली नेपाळी जवानांची तुकडी होती. मग जर्मनी, आयर्लंड, आणि अंग पुसेपर्यंत लंडनमधलं ऑफिस, जिथे म्हणे कुणा वशिल्याच्या माणसाने त्याचं जनरलपद पळवलं. तो राग माझ्यावर निघायचा. पाणी गार, साबण जास्त, हात जड!

दिवाणखान्यात त्याची तलवार टांगलेली होती. दर आठवड्याला ती उतरवून तेलाच्या फडक्याने पुसायची, हेही माझंच काम. त्या आठवड्यात तो दिवस नेमका खंडेनवमीचा आला. आमच्या घरी या दिवशी करवत, रंधा, पटाशी मांडून पूजा होते. इथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पूजेला काय, तर एक स्क्रूड्रायव्हर आणि बायकोचा लॅपटॉप. आणि आता माझ्या हातात खरीखुरी तलवार. ती तशीच कोरडी कशी टांगायची? सकाळच्या कुंकवाची पुडी खिशात होती. ओल्या बोटाने पात्यावर कुंकू लावलं, बागेतलं एक पिवळं फूल ठेवलं आणि हात जोडले.

मागे म्हाताऱ्याच्या वॉकरचा आवाज झाला.

"ही कसली घाण?"

"सर, आज आमचा सण. आज शस्त्राची पूजा करतात."

"माझ्या तलवारीवर जादूटोणा? तुला तेल लावायचा हुकूम होता, रंगवायचा नाही!"

त्याने लगेच एजन्सीला फोन लावला. ह्या माणसाने तलवार विद्रूप केली, पुन्हा माझ्या दारात दिसता कामा नये, म्हणाला. मग फोन माझ्या हातात कोंबला. तिकडून कोऑर्डिनेटर बाई म्हणाली, "आजची शिफ्ट पूर्ण कर, मेट. चौकशी होईपर्यंत पुढच्या शिफ्ट नाहीत." बायकोची फी भरायची होती, घरभाडं होतं, आणि दुसरी एजन्सी तक्रार असलेल्या माणसाला कशाला घेईल?

एवढ्यात ताई ड्रेसिंगला आल्या. त्याने सगळं पुन्हा ऐकवलं, वर "तुम्ही लोक" हे दोनदा. ताई ग्लोव्हज घालत ऐकत होत्या. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "काय रे, कुंकू? वेडा आहेस का! थांब, रडू नकोस."

मग त्याची पट्टी सोडत इंग्रजीत म्हणाल्या, "ब्रिगेडियर, तुम्हीच मला सांगितलं होतंत ना, दसऱ्याला तुमचे नेपाळी जवान रायफलींना फुलं वाहायचे आणि तुमच्या कपाळाला टिळा लावायचे? त्यांची तक्रार कुणाकडे केली होतीत?"

"ते सोल्जर होते. हा नोकर आहे."

"तुमची मुलगी येऊ शकत नाही, तेव्हा हा रोज येतोय."

"त्याचे पैसे मिळतात त्याला."

"मिळतात. ठीक. मग आता एजन्सीला एवढंच विचारा, उद्या सकाळी कोण येणार?"

त्याने विचारलं. निम्मा स्टाफ आयसोलेशनमध्ये होता, कुणीच येणार नव्हतं. आयुष्यभर माणसं इकडून तिकडे पाठवणाऱ्याला एवढा हिशेब कळायला वेळ लागला नाही. "तक्रार रद्द करा," तो फोनमध्ये खेकसला. माझ्याकडे बघितलंही नाही. "आणि तलवारीला पुन्हा हात लावायचा नाही." फूल त्याने टिश्यूत धरून कचऱ्यात टाकलं. सॉरी म्हणणं त्याच्या कारकिर्दीत बसत नसावं.

पण रद्द करा म्हटल्याने रद्द होत नाही, हे ताईंना माहीत होतं. बाहेर गाडीत बसून त्यांनी कोऑर्डिनेटरला फोन लावला, होल्डवर ताटकळल्या, आणि माझी पुढच्या आठवड्याची शिफ्ट पक्की झाल्याचं स्वतः ऐकूनच फोन ठेवला. मी हात जोडले तर म्हणाल्या, "पूजाच करायची तर माझ्या ह्या गाडीची कर. सर्व्हिसिंग कधीचं राहिलंय." मग जरा थांबून, "माझा मुलगा तिकडे मेलबर्नजवळ पॉइंट कुकला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. उद्या मला कोण अंघोळ घालणार, सांग?"

त्याचं उत्तर आता लिहून ठेवतो. ताई, मी घालीन. तुम्ही सिडनीत असा, मेलबर्नला असा नाहीतर पुण्याला. एजन्सी नको, शिफ्ट नको, फक्त एक फोन करा. पाणी किती गरम हवं ते तुम्ही सांगायचं, आणि मी निमूट ऐकायचं.