ठासून म्हटलेला ‘र’

दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की लोणावळ्याच्या इंजिन शेडमधली ती सकाळ आठवते आणि अजून डोकं तापतं. मी तिथे कारकून होतो. माझ्या इंग्रजीतला मावळी ‘र’ ऐकला की हेडक्लार्क सगळ्यांसमोर म्हणायचे, “अहो, बैल हाकताय का?” त्या दिवशी घाट चढून आलेला स्कॉटलंडचा ड्रायव्हर ब्रेकची तक्रार सांगत होता. त्याचा ‘र’ माझ्याहून खणखणीत. लंडनहून नवीन आलेला साहेब स्वतः ‘र’ गिळून बोलणारा; त्याला एक अक्षर कळेना. हेडक्लार्कांनाही नाही. मला सगळं कळलं होतं, म्हणून ड्रायव्हरचं इंग्रजी मी साहेबाला इंग्रजीतच पुन्हा सांगितलं. साहेब खदखदून हसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, “हा तर तुझाच भाऊ! दोघांचा ‘र’ एकच!” मला वाटलं, ड्रायव्हर तरी माझ्याकडे बघून हसेल. तो माझ्या पायाशी पचकन थुंकला. “या काळ्याशी माझी बरोबरी नको,” म्हणाला. आणि हेडक्लार्कांनी, माझ्याइतक्याच काळ्या माणसाने, मान डोलावली. आज सत्तरीतही इंग्रजी बोलताना मी तो ‘र’ मुद्दाम ठासून म्हणतो, त्या तिघांच्या नाकावर टिच्चून.