पेज म्हणजे भात नव्हे

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी मधुमेहाच्या ओपीडीत सिस्टर आहे. डॉक्टर औषध लिहून देतात. ते औषध घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हे बघणं माझं काम. इंजेक्शन कसं घ्यायचं, पाय कसे तपासायचे, काय खायचं हे शिकवायचं, आणि तरीही साखर हलली नाही तर का हलली नाही ते शोधून काढायचं. थोडक्यात, लोकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसण्याचा मला पगार मिळतो. स्वभावाला मानवतं.

नाहूरच्या एका मालवणी आजींची साखर अशीच अडून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण साखर खाली आल्याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. दिसत नसल्यामुळे आजींनी एकदा हात भाजून घेतला, तेव्हापासून सुनेने त्यांना गॅसजवळ येऊ दिलं नव्हतं. जन्मभर सगळ्यांना रांधून वाढलेली बाई खुर्चीत बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकत होती.

"गॅस बंद, भात बंद," त्या मला म्हणाल्या, "आता श्वास पण बंद करूक सांग, म्हंजे झाला!"

भात बंद मीच सांगितला होता, आणि सून शपथेवर सांगत होती, "सिस्टर, भाताचं शीतसुद्धा ताटात पडू देत नाही हो मी." डॉक्टर इन्सुलिन वाढवायला निघाले. मी म्हटलं, थांबा, आधी घरी जाऊन येते.

सकाळीच गेले, न कळवता. आजी खुर्चीत, समोर स्टुलावर भला मोठा वाडगा, त्यातून वाफा, बाजूला भाजलेला सुका बांगडा.

"आजी, हे काय?"

"पेज."

"कशाची?"

"तांदळाची. आणि कसली?"

"पण भात बंद ना तुमचा?"

"बंदच आसा! भात खंय खातंय मी? भात खातत, पेज पितत."

सुनेनेही मान डोलावली, अगदी प्रामाणिकपणे. "पेज म्हणजे भात नाही हो, सिस्टर. आजारी माणसालासुद्धा देतात."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी वाडगाभर," आजी म्हणाल्या, "आणि सांजेक वाईच."

वाईच म्हणजे थोडी. त्या थोडीचा वाडगाही हाच, असं सुनेकडून कळलं.

मी साताऱ्याकडची, भाकरीवर वाढलेली. पेजेचं नाव ऐकून होते, तेवढंच. मला हसू आवरेना.

"दात कित्याक काढतस?" आजी उखडल्या. "तू घाटावरची. तुका पेज काय कळतली!"

"मला नाही कळत. पण साखरेला कळते. पोटात गेल्यावर ती विचारत नाही, खाल्लं की प्यायलं."

पेज पूर्ण तोडली असती तर ही बाई शेजारी जाऊन प्यायली असती. म्हणून मी पेज ठेवली आणि भांडं बदललं. सुनेकडून एक छोटी वाटी मागून घेतली. सकाळी ही एक वाटी, सोबत कुळथाची उसळ, मासा. संध्याकाळी भाकरी.

आजींनी वाटी बोटांनी चाचपली. "ह्यी बावलेच्या लग्नातली काय गो?"

"बाहुलीची तर बाहुलीची. डोळे हवेत की वाडगा?"

आजींनी वाडगा पुढे सरकवला. मग सुनेला म्हणाल्या, "व्हर तो वाडगो. तसोय माका दिसणा नाय."

सून रोज साखरेचा आकडा फोनवर पाठवायची. मध्येच एकदा तो एकदम वर गेला. शेजारणीने प्रेमाने तांदळाचे घावणे आणून दिले होते. शेजारणीलाही फोनवर बोलावून घेतलं आणि दोन शब्द सुनावले. इन्सुलिन न वाढवता साखर उतरली, आणि या वेळी ऑपरेशनची तारीख कोणी पुढे ढकलली नाही.

नंतर आजी ओपीडीत आल्या त्या सुनेच्या पुढे चालत. दारातच थांबून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आवाजावरसून वाटलेला, बाई चांगली दांडगी आसतली. ही तर एवढीशीच!"

"आधी काट्यावर उभ्या राहा," मी म्हटलं.

त्या उभ्या राहिल्या, आणि मी वाकायच्या आत त्यांनी वरूनच आकडा मोठ्याने वाचून दाखवला. बरोबर वाचला. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "आज गॅसकडे तू येव नको."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येऊ नका."